किशोरवयीन मुलीच्या आहारासाठी कोणते ॲप वापरावे?

आपली मुलगी नववीत आहे, तिला सतत थकवा जाणवतो, तेव्हा आहारावर लक्ष ठेवणारे एखादे ॲप तिच्या मोबाईलवर घालून द्यावे का, असे आपण विचारले आहे. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात विज्ञान शिकवतो आणि लोहाच्या साप्ताहिक गोळ्या वाटण्याचे कामही माझ्याकडे आहे. ॲपचे नंतर पाहू. आधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत त्यासाठी डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर वापरतात. बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला की थोड्याच वेळात आकडा समोर येतो. या वयात डिजिटल तंत्रज्ञानाचा सर्वांत खरा उपयोग मला तोच वाटतो. तिच्या वयात दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली आकडा गेला की रक्तक्षय समजतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना तो आढळला. तेव्हा थकव्याचे खापर लगेच रात्रीच्या जागरणावर फोडू नका.

उष्मांक मोजणारे एक परदेशी ॲप आमच्या दहावीतल्या काही मुलींनी घेतले होते. एकीने मला मोबाईल दाखवला. उकड्या तांदळाची पेज त्यात सापडेना म्हणून तिने ‘राईस सूप’ निवडले होते, हळसांद्यांच्या, म्हणजे चवळीच्या, तोणकाच्या (रस्सा भाजीच्या) जागी कुठलीशी ‘बीन करी’ होती, आणि दिवसाची बेरीज लाल अक्षरांत आली म्हणून रात्री ती जेवलीच नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ भारतीय पदार्थांवर बेतलेले असल्याने त्यातल्या त्यात बरे. पण तेही तिच्या एकटीच्या हाती न देता, आठवड्यातून एकदा दोघांनी शेजारी बसून पाहावे.

आम्हांला खरोखर उपयोगी पडले ते याहून पुष्कळ साधे होते. शाळेतल्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती घेतल्यावर शौचास काळे होते हे पाहून काही घरांत घबराट झाली आणि मुली गोळी खिशात घालून घरी नेऊ लागल्या. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी सविस्तर सूचना टाकली. ती बहुधा मीच एकट्याने वाचली असावी. मग आरोग्य केंद्रातील परिचारिकेने कोकणीतून मिनिटभराचा निरोप बोलून पाठवला: गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्या आगेमागे चहा पिऊ नये, काळा रंग लोहाचाच असतो, भिण्याचे कारण नाही. तो निरोप आज्यांनीही ऐकला, आणि मुलीच्या ताटात काय पडायचे हे आमच्याकडे बहुतेक घरांत आजीच ठरवते. ॲपबरोबर माणूस लागतोच: गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने शाळकरी मुलांच्या मानसिक अडचणींसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा मोबाईलवरचा खेळ तयार केला, त्यातही मार्गदर्शनाला समुपदेशक ठेवलाच होता.

आहाराबाबत थोडेच सांगतो. तांबडी भाजी, हळसांदे, तारले मासे हे सारे आपल्या बाजारात मिळते. भाजी-कडधान्यातले लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे किंवा नंतर पेरू खावा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये.

मोबाईलचा आणखी एक उपयोग मात्र अवश्य करा. पाळीच्या तारखा आणि रोज किती पॅड लागले, याची नोंद तिला मोबाईलच्या साध्या टिपणवहीत ठेवू द्या, कारण अतिरक्तस्राव हे रक्तक्षयाचे नेहमीचे कारण असते आणि डॉक्टर ते विचारतातच. त्यासाठी खास ॲपची गरज नाही. इतकी खासगी माहिती अनोळखी कंपनीकडे कशाला द्यायची? ती नोंद आणि हिमोग्लोबिनचा आकडा घेऊनच डॉक्टरांकडे जा. शाळेतली साप्ताहिक गोळी प्रतिबंधासाठी असते. रक्तक्षय निघालाच तर उपचाराची मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.