वाचकांचे प्रश्न : अळवाचा रस आणि अळवाची खाज

श्रावण जवळ आला की या सदराकडे अळवाविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा बहुतेकांनी भाजीविषयी नव्हे, तर अळवाच्या औषधी उपयोगांविषयी विचारले आहे. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गावी विळी किंवा कोयता लागला की परसातल्या अळवाचा देठ चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळतात. गांधीलमाशी चावल्यावरही आजी तोच रस चोळत असे. यात काही तथ्य आहे, की केवळ समजूत आहे? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : देठाचा रस रक्त थांबवतो, ही समजूत केवळ आपल्या कोकणातली नाही. 1868 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ या सरकारी औषधीग्रंथात बंगालमधील डॉ. भोलानाथ बोस यांचा हवाला देऊन या रसाच्या रक्तस्तंभक गुणाची नोंद केलेली आहे. हे बोस म्हणजे द्वारकानाथ ठाकुरांबरोबर 1845 साली वैद्यकाच्या शिक्षणासाठी विलायतेला गेलेल्या पहिल्या चार हिंदी विद्यार्थ्यांपैकी एक होत. पुढे मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डायमॉक यांनीही आपल्या ग्रंथात ती नोंद पुन्हा घेतली. तेव्हा आपल्या आजीच्या हातातला देठ दीडशे वर्षांपूर्वीच छापील पानावर येऊन बसला होता, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र त्या काळी शेताच्या बांधावर दुसरे काही हाताशी नसे, ही गोष्ट विसरता येत नाही. देठ कापल्यावर जो पाणचट, किंचित बुळबुळीत रस ठिबकतो, त्यात खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि देठ ज्या ओल्या, शेणखताच्या जमिनीतून वर आलेला असतो, तिथेच धनुर्वाताच्या जंतूंचेही घर असते. उघड्या जखमेत असा रस पिळणे म्हणजे रक्त थांबवता थांबवता दुसरे दुखणे आत घेणे होय. स्वच्छ फडके घट्ट दाबून धरल्याने किरकोळ जखमेचे रक्त काही मिनिटांत थांबते. त्यानंतर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवावे. दाबूनही रक्त थांबत नसेल, तर अळू काय, कोणताच पाला शोधत बसू नये.

गांधीलमाशीच्या दंशावर देठ चोळण्याची पद्धतही जुनी आहे, आणि अखंड कातडीवर तो लावल्याने मोठे नुकसान होण्याचा संभव कमी, पण ज्याला अळवाची खाज सुटते त्याला दंशाच्या आगीत ही खाज वेगळी सोसावी लागते. थंड पाण्याची पट्टी हे त्याहून निर्धोक काम करते. दंशानंतर ओठ किंवा पापण्या सुजल्या, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : अळवाने घसा का खाजतो? चिंच घातली तरी कधी कधी खाजतोच. (एक गृहिणी, सातारा)

उत्तर : हा प्रश्न स्वयंपाकाचा वाटला तरी अळवाच्या औषधी उपयोगाची सगळी मेख त्यातच आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

अळवाच्या पानात, देठात आणि कंदात, म्हणजे ज्यांना आपण अळकुड्या म्हणतो त्यांत, कॅल्शियम ऑक्झलेटच्या अतिसूक्ष्म सुया असतात. त्या सुट्या विखुरलेल्या नसून विशिष्ट पेशींत, भात्यात बाण ठेवावेत तशा जुडीने भरलेल्या असतात. पान चावले किंवा चिरले की पेशी फुटते आणि सुया जिभेत, घशात किंवा बोटांच्या कातडीत रुततात. नुसत्या टोचण्याने एवढी आग होणार नाही. सुयांबरोबर असलेले प्रथिने तोडणारे एक द्रव्य त्या टोचणीत आगीची भर घालते, असे अभ्यासकांचे मत आहे. पुरेशा आचेने हे द्रव्य निकामी होते. म्हणून शिजवणे ही पहिली फळी आणि आंबट ही दुसरी. अर्धकच्च्या अळवात कितीही चिंच कोळून घातली तरी घसा खाजायचा राहत नाही. आपल्याकडे चिंच, कोकणात आमसूल, कुठे ताक, तर कुठे आंबट चुका वापरतात. हे सर्व योग्यच आहे, पण फदफदे रटरटून शिजल्यानंतर. वडीच्या उंड्यालाही याच कारणासाठी आधी नीट वाफ द्यावी लागते, केवळ तळून भागत नाही. चिरण्यापूर्वी हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावण्याची रीत आपण जाणताच.

खाजलेल्या घशावर ताक, दही किंवा आमसुलाचा तुकडा पुरतो. मात्र लहान मुलाने कच्चे पान किंवा कुंडीतले शोभेचे अळवासारखे झाड चावले असेल आणि जीभ सुजून लाळ गळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : रोज सकाळी कच्च्या अळवाच्या पानांचा रस घेतल्यास महिन्यात रक्त वाढते, असा संदेश मोबाइलवर फिरत आहे. माझ्या मुलीचे हिमोग्लोबिन कमी आहे. तिला तो द्यावा का? (एक पालक, नागपूर)

उत्तर : देऊ नये. अळवाच्या पानांत लोह, कॅरोटीन व क जीवनसत्त्व असते हे खरे आहे, आणि बाळंतिणीला व अशक्त माणसाला अळवाची भाजी देण्याची चाल निराधार नाही. पण कच्च्या रसात वर सांगितलेल्या सुया तर असतातच, शिवाय पाण्यात विरघळणारे ऑक्झलेटही पुरेपूर उतरते. पाने उकळून ते पाणी फेकून दिल्यास यांतला बराच भाग निघून जातो; रस काढणारा नेमका तोच भाग पेल्यात भरून घेतो. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे होतात, त्यांनी शिजवलेला अळूही बेतानेच खावा आणि खाताना सोबत दही किंवा ताक घ्यावे, कारण त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या पानांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते त्या औषधाच्या विरुद्ध काम करते, म्हणून श्रावणात एकदम रोज अळू सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

मुलीच्या रक्ताची तपासणी करून हिमोग्लोबिन का कमी आहे, हे आधी पाहावे. जेवणात भाजी म्हणून अळू तिला जरूर वाढावा.

प्रश्न : अळकुड्या पचायला जड, असे आमच्या घरी सांगतात. पण माझी भाची हवाईला असते; तिथे म्हणे तान्ह्या बाळांना याच कंदाची पेज भरवतात. दोन्ही कसे खरे असेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि आपला प्रश्न मला फार आवडला. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात अळकुडी बलकारक, स्निग्ध, पण जड व मलावरोध करणारी सांगितली आहे, आणि तेलात तळली असता ती अतिशय रुचकर होते, असेही ग्रंथकार न विसरता नोंदवतो. गुणदोष सांगता सांगता वैद्याला काचऱ्यांची आठवण झालेली पाहून बरे वाटते.

हवाई बेटांवर या कंदाला ‘कालो’ म्हणतात. तो पूर्ण शिजवून, सोलून, दगडी बत्त्याने लाकडी पाटावर कुटतात आणि पाणी घालून त्याची ‘पोई’ नावाची लापशी करतात. ती एक-दोन दिवस ठेवली की किंचित आंबते. अळकुडीच्या पिष्टाचे कण बटाट्याच्या कणांच्या मानाने फारच बारीक असतात, त्यामुळे अशी शिजलेली, पातळ केलेली पोई हलकी पडते. धान्य न सोसणाऱ्या बाळांना ती देण्याचा तेथे प्रघात आहे. कंद एकच, पण एकीकडे तो तेलात तळून मसाल्यासह ताटात येतो, तर दुसरीकडे पाण्यात कालवून वाटीत.

घरी लहान मुलाला द्यायचीच असेल, तर सहा महिन्यांनंतर, अळकुडी सालीसकट मऊ होईपर्यंत उकडून, ते पाणी टाकून, साल काढून, गरम पाण्यात अगदी पातळ कालवून, पहिल्या दिवशी एक चमचाभरच द्यावी आणि त्यापूर्वी स्वतः चाखून घशाला खाज सुटत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.