पेपर तयार आहे, फक्त फॉरमॅटिंग राहिलंय

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्यानं ‘पेपर तयार आहे’ म्हटलं की पुढचं मीच पुरं करते. पीएचडी करणारे, बढतीचे गुण जुळवत बसलेले प्राध्यापक, एम.टेक.ची मुलं, सगळ्यांचं ‘फक्त’ तेवढंच राहिलेलं असतं, आणि महिनोन्‌महिने राहिलेलं असतं. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आणायची सक्ती युजीसीनं २०२२ मध्ये काढून टाकली खरी, पण गाइडच्या अपेक्षा कुठे काढल्यात?

त्यातलीच एक. लातूर भागातली, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी. सोयाबीनच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल तिनं तयार केलं होतं. फोटो भावाच्या शेतातले. माझ्याकडे समुपदेशनाला आली ती झोप लागत नाही म्हणून. पर्समधून पेपरची प्रिंट निघाली आणि पाठोपाठ स्टीलची पट्टी.

“दोन कॉलममधलं अंतर मोजते,” ती म्हणाली.

“चूक सापडली का?”

“नाही. पण सापडेल असं वाटत राहतं.”

तोवर तीन कॉन्फरन्सच्या तारखा निघून गेल्या होत्या.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या मुशीतली, ‘च’ आणि ‘पाहिजे’ सोडायला शिकवणारी. त्यामुळे माझा हुकमी किस्सा काढला: एकोणीस वर्षांचा एलिस मुलींशी बोलायला घाबरायचा, म्हणून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन महिन्याभरात शंभर जणींशी बोलला. एकच भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण भीती गेली. किस्सा सहसा चालतो. हिनं शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, “मॅडम, त्या बागेत त्यांचं डिपार्टमेंट नव्हतं.” बरोबरच होतं तिचं.

पुढच्या वेळी मी म्हटलं, पेपर मला वाचायला द्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून जे कळेल ते वाचत गेले, अगदी वरपासून. शीर्षकाखाली लेखकांच्या जागी इंग्रजीत छापलेलं होतं, ‘गिव्हन नेम, सरनेम’. शेजारी पुन्हा तेच.

“हे कोण?”

ती हसली. “टेम्प्लेटमधलं आहे ते. नावं शेवटी टाकते.”

“आत्ता टाका.”

लॅपटॉप उघडला. गाइडचं नाव, विभाग, कॉलेज, ईमेल झरझर टाइप झालं. मग कर्सर तिच्या स्वतःच्या चौकटीत येऊन थांबला आणि लुकलुकत राहिला. “आधी संदर्भांचे क्रमांक बघून घेऊ का?” तिनं विचारलं. मी काही बोलले नाही. बोलण्याचा मोह आवरणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि त्या दिवशी ते मला जमलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “नाव टाकलं की हा पेपर माझा होईल.”

अशांना लोक ‘परफेक्शनिस्ट’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्यात कौतुक लपलेलं असतं. फॉरमॅटिंग अर्धवट आहे तोवर पेपर चांगला की वाईट हे ठरत नाही, आणि पेपरचं ठरत नाही तोवर आपलंही ठरत नाही. पट्टी त्यासाठी होती. आम्ही तिचं मनातलं वाक्य कागदावर घेतलं: ‘पेपर स्वीकारला गेलाच पाहिजे.’ त्यातला ‘च’ तिनं स्वतः खोडला, मग ‘पाहिजे’ही खोडून लिहिलं, ‘गेला तर फार बरं वाटेल’. नाकारला गेला तर पेपर नाकारला जाईल. तिथून ‘मीच बिनकामाची’पर्यंतची उडी आपली आपणच मारतो.

ज्यांची प्रिंट अजून पर्समध्ये आहे, त्यांनी आधी नाव टाकावं. परीक्षकांना नावं दिसू द्यायची नसतील, तर निदान स्वतःच्या प्रतीवर टाकावं. मग कागद ठरवावा. ए-फोर हा अमेरिकेतल्या ‘लेटर’ आकाराच्या कागदापेक्षा सुमारे ६ मिलिमीटर अरुंद आणि १८ मिलिमीटर लांब असतो. मागाहून बदललात तर सगळ्या आकृत्या जागा सोडतात. पानांची मर्यादा ओलांडली, लपवायची नावं दिसली किंवा टेम्प्लेटमधल्या सूचनांचा मजकूर तसाच राहिला, तर पेपर परत येऊ शकतो. तिथे काटेकोर राहा. आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या साच्यात तक्त्याचं शीर्षक वर आणि आकृतीचं खाली असतं, मजकूर १० पॉइंटचा, संदर्भ आले त्या क्रमानं चौकटी कंसात. हे एका बैठकीचं काम आहे. घड्याळ लावून बसा आणि वेळ संपली की उठा. पेपर स्वीकारला गेला की कॅमेरा-रेडी, म्हणजे छपाईला जाणाऱ्या अंतिम प्रतीसाठी पुन्हा संधी मिळते, पीडीएफमधले फॉन्टही साधारण तेव्हाच तपासले जातात. आज पट्टी लावून बसण्यात अर्थ नाही.

आणि तारखेपुढे ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख उरलीय तोवर, असं लिहिलं असेल तर मध्यरात्रीची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत चालते. हे मला तिनंच शिकवलं. आता मीही ते थोड्या तोऱ्यात सांगते.

दसऱ्याच्या आसपास तिचा मेसेज आला. “मॅडम, पाठवला. तक्ता ३ चं शीर्षक खालीच राहिलंय, आत्ता दिसलं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. भावाकडे सोयाबीनची रास चाललीय, तिकडे निघालेय.”