वेळ संपल्यावर सोसायटीचा हॉल किंवा जिम वापरणाऱ्या रहिवाशांकडून शुल्क घ्यावं का?

घ्यावं, पण जेवढा जादा खर्च होतो तेवढंच. आणि ज्या वापरामुळे शेजाऱ्यांची झोप मोडते त्याला पैसे घेऊनही परवानगी देऊ नये.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. हॉल रात्री दहाला बंद व्हायला हवा, पण काही जण उशिरापर्यंत बसतात आणि त्याचा खर्च सगळ्यांवर पडतो, ही पहिली. त्यांनी मुळात उशिरा बसूच नये असं समितीला वाटतं, ही दुसरी. समितीला दोन्हींवर एकच औषध हवंय, शुल्काचं. पहिल्या तक्रारीवर ते लागू पडेल. दुसऱ्यावर बहुधा उलट परिणाम होईल.

हे मी नुसत्या अंदाजाने म्हणत नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांमध्ये एक प्रयोग केला आणि 2000 साली तो प्रसिद्ध केला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. त्यातल्या 6 पाळणाघरांनी 10 मिनिटांहून जास्त उशीर झाला तर मुलामागे 10 शेकेल (इस्रायलचं चलन) दंड लावला. उशिरा येणारे कमी झाले नाहीत. काही आठवड्यांत ते जवळपास दुप्पट झाले. पुढे दंड रद्द केला तरी आकडा खाली आला नाही. आधी पालकांना वाटायचं की आपल्यासाठी बाई थांबल्यात, धावत जायला हवं. पैसे मोजायला लागल्यावर ती भीड चेपली. तुमच्या हॉलचंही असंच होऊ शकतं. आज दहाला संकोचाने उठणारा माणूस उद्या पावती दाखवून साडेअकरापर्यंत बसेल, आणि नियमाने त्याचं बरोबरच असेल.

म्हणून दर ठरवायच्या आधी यादी करा: वेळेनंतर काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही. स्पीकर, ढोल, घोषणा, छताखालचा जल्लोष या गोष्टी दुसऱ्या यादीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची जी मार्गदर्शक पातळी दिली ती घराबाहेर, वर्षभराच्या रात्रींच्या सरासरीने, 40 डेसिबल आहे. दोन माणसांचं साधं बोलणंच जवळून 60 च्या आसपास भरतं. हॉलच्या वरच्या मजल्यावर तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर त्याची झोप विकायचा हक्क समितीला नाही, बहुमतालाही नाही. या मुद्द्यावर मी कधीच तडजोड करणार नाही. पोहण्याचा तलाव तर या चर्चेतूनच काढून टाका. जीवरक्षक नसेल तर तलाव बंद, विषय संपला.

आता पैशाचं. मी आमच्या सोसायटीत खजिनदार म्हणून हिशेब पाहिला आहे, त्यामुळे सांगतो की वाद नेहमी विजेवर होतो आणि खरा खर्च दुसरीकडेच असतो. 20 वॅटचे 20 एलईडी दिवे तीन तास जळले तर 1.2 युनिट वीज लागते. एवढ्यासाठी पावतीपुस्तक काढणं हास्यास्पद आहे. मैदानावरचे 400 वॅटचे 8 फ्लडलाइट दोन तास लावले तर 6.4 युनिट होतात, म्हणजे मोजण्याजोगे. एसीच्या बाबतीत लोक टनाचा आकडाच विजेचा समजून भांडतात. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. वीज साधारण तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी लागते. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हॉलला वेगळा सबमीटर, म्हणजे फक्त तिथली वीज मोजणारा मीटर, बसवायचा आणि किल्ली देताना, परत घेताना रीडिंग रजिस्टरमध्ये लिहायचं. मग अंदाज नको आणि भांडणही नको.

खरा खर्च माणसाचा असतो. कोणीतरी थांबून खुर्च्या उचलतो, फरशी पुसतो, कुलूप लावतो. बहुतेक ठिकाणी हे काम वॉचमनच्या गळ्यात मारलं जातं आणि तेवढा वेळ गेटवर कोणीच नसतं. माझ्या मते शुल्काचा मोठा भाग या जादा तासांचाच असावा आणि तो थांबलेल्या माणसाच्या पगारात, लेखी नोंदीसह, पोचावा. रहिवाशांकडून उशिराचे पैसे घ्यायचे आणि उशिरा थांबणाऱ्याला चहावर भागवायचं, असं मी पाहिलंय आणि मला त्याची चीड येते.

इमारतीचा रंग, विमा, जिममधल्या यंत्रांची दुरुस्ती यांचे पैसे मेंटेनन्समधून आधीच गेलेले असतात, ते या शुल्कात पुन्हा घालू नका. मात्र एका कुटुंबाने खासगी कार्यक्रमासाठी सबंध हॉल अडवला तर तेवढा वेळ तो इतरांसाठी बंद असतो, तिथे जागेचं भाडं रास्त आहे. जिममध्ये एकटा माणूस हेडफोन लावून पळत असेल तर भाडं कसलं? अभ्यासिकेत रात्री बसणाऱ्या मुलांकडून तर एक पैसाही घेऊ नये. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली नाही तोच तिथे येतो. शोकसभेलाही सूट द्या. भाडेकरूंना मालकांइतकाच दर असू द्या, आणि समितीच्या सदस्यांना सवलत नको.

अनामत रक्कम शुल्कात मिसळू नका. ती मोडतोडीसाठी असते आणि पाहणी झाल्यावर ठरलेल्या दिवसांत परत गेली पाहिजे, नाहीतर लोक तिलाही भाडंच समजतात.

हे सगळं समितीने एका बैठकीत ठरवून नोटीस लावली तर टिकणार नाही. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक जंगलं, मासेमारी, पाटबंधारे यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या व्यवस्था टिकल्या तिथे बहुतेक वापरणाऱ्यांनाच नियम बदलण्यात वाटा होता, आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा पायरीपायरीने वाढत जायची. तुम्हीही सर्वसाधारण सभेत ठराव करा, मुदत सहा महिन्यांचीच ठेवा आणि नंतर जमाखर्च सभेपुढे मांडा. शिल्लक खूप उरली असेल तर दर जास्त ठरलाय, तो कमी करा. वेळ मोडणाऱ्याला पहिल्यांदा तोंडी समज, दुसऱ्यांदा लेखी, तिसऱ्यांदा काही महिने बुकिंग बंद. वाढीव पैसे घेऊन सोडून देणं यात कुठेच बसत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की शुल्क थकवणाऱ्याचं काय करायचं. त्याचं पुढचं बुकिंग थांबवा आणि रक्कम त्याच्या बिलात वेगळ्या ओळीवर दाखवा. पाणी, लिफ्ट, पार्किंग यांना मात्र हात लावू नका. हॉलच्या थकबाकीशी त्यांचा काही संबंध नाही.