पुलीवरची खूण खरी धरून बसू नका (फियाट 1089 सीसी)

तुमचं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. वडिलांची 72 ची प्रीमियर प्रेसिडेंट, इंजिनकाम नुकतंच झालंय, टायमिंग लाइट (प्लगला ठिणगी पडते त्या क्षणी पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावून पुस्तकाप्रमाणे सेट केलं की इंजिन गरम असताना सेल्फला उलटा धक्का बसतो, बोरघाट चढताना टकटक येते, आणि खूण सोडून कानाने लावलं की गाडी बरी चालते. अहो, हे हुबेहूब माझ्या 78 च्या पद्मिनीचं दुखणं. मी त्यात दोन वर्षं आणि एक पिस्टन घालवला.

कार्बोरेटर, पॉइंट, कॉइल, कंडेन्सर वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझ्याकडे झालं असं. इंजिन उघडलं तेव्हा पुढच्या पुलीची (क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, त्याच्या टोकावरच्या चाकाची) कड तुटलेली होती आणि फ्रंट कव्हर तडकलेलं. गॅरेजवाल्याने दोन्ही जुन्या मालातून आणली, पुली एका इंजिनची, कव्हर दुसऱ्याचं. दोन्ही अगदी छान बसली. मला वाटलं बसलं म्हणजे बरोबर. इथेच चुकलं. पुलीवरची खाच आणि कव्हरवरची खूण ही जोडी असते, एक बदललं की दुसऱ्याला अर्थ राहत नाही. पुलीच्या आत चावीची (पुलीला क्रँकवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच कुठे आणि बाहेर टायमिंगची खाच कुठे, यातलं अंतर दोन पुल्यांमध्ये वेगळं असू शकतं, आणि ते डोळ्यांना कळत नाही. मी मात्र टायमिंग लाइट लावून इमानदारीत पुस्तकातला आकडा सेट करत राहिलो. टकटक आली की गॅरेजवाला म्हणायचा पेट्रोल खराब आहे, दुसऱ्या पंपावर भरा. मी पंप बदलत राहिलो. मे महिन्यात कसारा घाटात दोन नंबरच्या पिस्टनची रिंगच्या वरची कड तुटली आणि पुन्हा अख्खं इंजिन खाली. त्या माणसाने शेवटपर्यंत मान्य केलं नाही, आणि ताडून बघायला जुनी पुली मागितली तर ती भंगारात गेली होती. याचा राग अजून जात नाही, कारण ती तुटकी पुली हातात असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. जुना पार्ट कितीही मोडका असो, गाडी 1000 किलोमीटर नीट चालेपर्यंत घरी आणून ठेवा. मागायला लाजू नका, पार्ट तुमचा आहे.

आता तुम्ही काय करायचं. खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो तो बिंदू, स्वतः शोधा. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी भागात गोल टोकाचा बोल्ट वेल्ड करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. बॅटरी काढा, चारही प्लग काढा, पिस्टन थोडा खाली असताना हा स्टॉपर एक नंबरला लावा. इंजिन हाताने हळूहळू फिरवा, पिस्टन अडला की कव्हरच्या खुणेसमोर पुलीवर खडूने रेघ मारा, मग उलट्या दिशेने फिरवून पुन्हा अडेल तिथे दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या मधोमध खरा टीडीसी. सेल्फ चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून अंदाज घेतात त्यावर माझा विश्वास नाही, वरच्या टोकाला क्रँक बरेच अंश फिरला तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटत नाही.

मग पुलीचा घेर टेपने मोजून 360 ने भागा. माझा घेर साधारण 400 मिमी आला, म्हणजे एका अंशाला 1.1 मिमी, आणि खरा टीडीसी खाचेपासून 16 मिमी लांब निघाला. साडेचौदा अंश! इतका जास्तीचा ॲडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या आधी पडणं) घेऊन मी घाट चढत होतो.

टीडीसी पक्का झाला की टायमिंग चेनकडे (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते ती) वळा, त्याआधी नाही. एक नंबर फायरिंगच्या टीडीसीला असताना (फायरिंग ऑर्डर 1-3-4-2) चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह जेमतेम उघडे हवेत, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय. त्यातला एक चांगलाच दाबलेला आणि दुसरा पूर्ण मोकळा दिसला, तर चेन दातावरून चुकली आहे किंवा एखाद्या स्प्रॉकेटवरची (चेनच्या दातेरी चाकावरची) खूणच चुकीच्या जागी आहे. मोठ्या स्प्रॉकेटला लहानाच्या दुप्पट दात असतात. समजा 36 दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमवर 10 अंश आणि क्रँकवर 20, म्हणजे ते लपत नाही, कॉम्प्रेशनमध्येही (सिलिंडरमधल्या दाबातही) दिसतं. तुमचं कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला चांगलं असेल तर चेनला हात लावू नका, दोष पुली आणि कव्हरमध्येच शोधा. नवीन स्प्रॉकेट घेताना जुन्यावर ठेवून चावीची खाच जुळवा आणि मग खुणेचा ठिपका बघा, दुकानातच.

ज्यांची जीप आहे त्यांनीही हे वाचावं म्हणून लिहितो. युद्धातल्या विलीज एमबीला टायमिंग चेन होती, पुढे सिव्हिलियन जीपला गिअर आले. चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवर उलटा, त्यामुळे दोन्हींचे कॅम वेगळे आणि ऑइल पंपही वेगळा. शंका असेल तर साइड कव्हर काढून हाताने फिरवा आणि एक्झॉस्ट कोणत्या क्रमाने उघडतात ते लिहून घ्या. 1-3-4-2 ऐवजी 1-2-4-3 आलं तर कॅम दुसऱ्या जातीचा आहे.

कानाने टायमिंग लावणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, तुमची गाडी आत्ता त्यावरच चालते आहे. पण ज्या मेस्त्रींचा हात वर्षानुवर्षं सीएनजी टॅक्सीवर बसलाय त्यांना गाडी पेट्रोलवर आहे हे आधी सांगा, सीएनजीला ॲडव्हान्स जास्त लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, हे इंजिन रोज उघडणारे हात आता कमी होत चाललेत, एखादा चांगला मेस्त्री असेल तर त्याला धरून ठेवा.

मी धंद्याने मेकॅनिक नाही, बँकेतून रिटायर झालोय, आणि तुमची गाडी मी पाहिलेली नाही. तरी स्टॉपर लावून मोजल्याशिवाय घाटात नेऊ नका एवढं कळकळीने सांगतो. खरा टीडीसी मिळाला की तिथे कानसीने बारीक खाच पाडून पांढरा रंग भरा आणि जुनी खाच एम-सीलने बुजवून टाका, नाहीतर पुढचा मेस्त्री पुन्हा तिच्यावरच लाइट मारेल. पुली काढावीच लागली तर पुढचं ऑइल सीलही त्याच वेळी नवीन टाका.