सासूबाईंचं करण्यात उपासना राहून जाते

प्रश्न : मी ऐरोलीत राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. रविवारी चर्चमध्ये उपासनेलाही जाता येत नाही, मग तिथल्या मंडळीची सेवा कुठून करणार? फार अपराधी वाटतं.

उत्तर : ताई, ठाण्यात परिचारिका म्हणून माझं आयुष्य गेलं, त्यामुळे आधी कामाचं सांगते. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस दर दोन तासांनी बदला. टाचा, माकडहाड, खुबे रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा चोळू नका, तिथला भार काढा. चादरीला सुरकुती नको.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते चाकराचं काम होतं. तुम्हीही तसंच करा, असं तो सांगतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुलींना आसरा दिला, तोही याच आज्ञेपोटी. तुम्ही सेवेतच आहात, अपराधी कशाला वाटून घेता?

उपासना मात्र सोडू नका. रविवारी तेवढा वेळ यजमानांना आईजवळ बसू दे. आज्ञापालन त्यांनाही आहेच. आणि चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलवा. सासूबाईंनाही प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतात ती भाकर आणि द्राक्षरस, मिळायला हवं.