मार्केटिंगची पदवी आणि लष्करी अधिकाऱ्याची वाट

‘मॅडम, पोरानं बीबीए केलं, तेही मार्केटिंगमध्ये. फौजेत त्याचा काय उपयोग?’ सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी विचारलेला हा प्रश्न मी अनेक घरांतून ऐकला आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा फाइलीची दोरी बोटाला गुंडाळत गप्प बसला होता.

आधी प्रवेशाचा प्रश्न निकाली काढला. संघ लोकसेवा आयोगाच्या सीडीएस या लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षेतून डेहराडूनच्या आयएमएला (भारतीय लष्करी अकादमी) किंवा चेन्नईच्या ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) जाण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. ओटीएसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच लेखी पेपर असतात, गणिताचा नसतो. नौदल अकादमीला मात्र अभियांत्रिकीची पदवी लागते, त्यामुळे सीडीएसमधली ती वाट त्याच्यासाठी बंद होती. पदवीला ६० टक्के असल्याने हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेतून प्रशासन आणि लॉजिस्टिक्स या शाखांसाठी तो अर्ज करू शकत होता.

पण वडिलांच्या मनातला खरा सल वेगळा होता. तीन वर्षे वाया गेली, असे त्यांना वाटत होते. त्यांची सारी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद पुरवण्यात गेलेली. म्हणून मी त्यांनाच विचारले, की हिवाळ्यात जोझिला खिंड बंद होण्याआधी लडाखमध्ये माल किती भरायचा, हे कसे ठरायचे? ते म्हणाले, ‘माणसं किती, ठाणी किती, मागच्या हिवाळ्यात काय खपलं, काय उरलं, ते बघून. रॉकेल कमी पडून चालत नाही.’ मुलाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. दुधाच्या पदार्थांचा पुरवठा आणि खप यांवर त्याने कराडच्या दुकानांतून फिरून प्रकल्प केला होता, आणि त्याच्या वहीतले रकाने जवळजवळ हेच होते. नियुक्ती कोणत्या कोअरमध्ये होईल हे आपल्या हातात नसते, हेही मी स्पष्ट सांगितले. परंतु गरज आधी ओळखून वस्तू वेळेवर पोहोचवण्याची सवय ज्याला लागली आहे, त्याचे शिक्षण फौजेत वाया जाते, हे मला मान्य नाही.

त्याची अडचण निघाली ती दुसरीकडे. लेखी परीक्षेनंतर अधिकारी निवडण्यासाठी होणाऱ्या पाच दिवसांच्या एसएसबी मुलाखतीत आईवडील, शिक्षक, मित्र आणि आपण स्वतः आपल्याबद्दल काय समजतो, ते लिहायचे असते. सरावात त्याने चारही ठिकाणी ‘ध्येयवादी, गतिमान, नेतृत्वक्षम’ असे लिहिले. नोकरीच्या अर्जात माल मांडावा तसे त्याने स्वतःला मांडले होते आणि त्यात माणूस कुठेच दिसत नव्हता. त्याला मी घरी जाऊन आईला खरोखर विचारायला सांगितले.

लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला, भोपाळच्या एसएसबीहून मात्र शेवटच्या दिवशी निवड न होता परत आला. दुसऱ्या प्रयत्नाआधी तो नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात जाणार आहे. तिथे महाराष्ट्रातील पात्र उमेदवारांची एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेतली जाते. परवा त्याने नवा कागद दाखवला. आईच्या रकान्यात लिहिले होते : ‘सांगितलेले काम करतो, पण चूक झाली तर दोन दिवस बोलत नाही.’ त्या दोन दिवसांबद्दल आम्ही तासभर बोललो.