प्रश्न तुमचे: रात्री बंद पडणारे कॅमेरे आणि इतर तक्रारी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून सीसीटीव्हीविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या बेदाण्याच्या शीतगृहाला आठ ॲनालॉग कॅमेरे आहेत. मागच्या कंपाउंडचे तीन दिवसा चांगले चालतात. संध्याकाळी सात वाजले की चित्र जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते. बसवणाऱ्याने दोन कॅमेरे बदलून दिले, तरी तेच. आता काय करावे? (तासगाव)

तिसरा कॅमेरा बदलू नका. दोष बहुतेक तारेत आहे.

अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट साधारण ०.२ अँपिअरवरून ०.४५ पर्यंत जातो. 'थ्री प्लस वन' केबलमधल्या (चित्राची एक केबल आणि तीन सुट्या तारा एकत्र) वीज नेणाऱ्या तारा बारीक असतात, पाव चौरस मिलिमीटरच्या आसपास. कॅमेरा ६० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर तार झाली आणि तिचा रोध सुमारे ८.३ ओहम. दिवसा त्यात सप्लायच्या १२ पैकी १.७ व्होल्ट खर्च होतात आणि कॅमेऱ्याला १०.३ मिळतात, तेवढ्यावर तो चालतो. रात्री ३.७ व्होल्ट खर्च होतात आणि ८.३ उरतात. बहुतेक कॅमेरे ९ व्होल्टच्या खाली बंद पडतात. बंद पडला की करंट थांबतो, व्होल्टेज वर येते, कॅमेरा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. तुम्ही पाहता ती उघडझाप हीच.

खात्री करायची तर मल्टिमीटर कॅमेऱ्याच्या टोकाला लावा, तोही रात्री आणि कॅमेरा जोडलेला असताना. पिन काढून मोजले तर १२ व्होल्टच दिसतील आणि सगळे ठीक आहे असा गैरसमज होईल. कॅमेरे बदलत बसण्यामागे बऱ्याचदा हेच असते.

उपाय दोन. त्या तीन कॅमेऱ्यांसाठी एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी जोडतार ओढा, मग तूट एका व्होल्टच्या आत येते. मात्र प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःची जोडी द्या. तिघांना एकाच जोडीवर टाकले तर तूट तिप्पट. किंवा मागच्या बाजूला २३० व्होल्टची लाइन असेल तर तिथेच पाण्यापासून बंद पेटीत छोटा पॉवर सप्लाय बसवा. सप्लायवरचा स्क्रू फिरवून १४-१५ व्होल्ट करण्याचा जुगाड काही जण सुचवतील. तो करू नका, जवळच्या पाच कॅमेऱ्यांना ते व्होल्टेज जसेच्या तसे मिळते.

नवी केबल घेताना तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तिचा रोध दीडपटीहून जास्त, आणि सांधेही लवकर सैल होतात. वरच्या हिशेबात ती तार घातली तर कॅमेरा दिवसाही जेमतेमच चालेल.

सोसायटीच्या गेटवर ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला आहे. तरी आठ मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. रात्री तर नंबरप्लेट नुसती पांढरी दिसते. ८ मेगापिक्सेलचा घ्यावा का? (सातारा)

नको. तुमच्या कॅमेऱ्यावर २.८ मिलिमीटरची लेन्स असणार, घाऊक कॅमेऱ्यांवर बहुधा तीच असते. ती सुमारे १०० अंश पाहते, म्हणजे आठ मीटरवर जवळपास १९ मीटर रुंदीचे दृश्य. ५ मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे सुमारे २,५९२ ठिपके असतात, तेव्हा मीटरला १३६ ठिपके आले. मोटारीची नंबरप्लेट अर्धा मीटर रुंद. तिच्या वाट्याला ६८ ठिपके, आणि त्यात दहा अक्षरे-आकडे बसवायचे. दुचाकीची मागची प्लेट फक्त २० सेंटीमीटरची, तिला २७ ठिपके. यातून नंबर निघणे शक्य नाही.

आता साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या, पण लेन्स १२ मिलिमीटरची. दृश्य साडेतीन मीटर रुंद आणि मीटरला जवळपास ५५० ठिपके. मोटारीच्या प्लेटला २७५, दुचाकीला ११०. कॅमेरा निम्म्याहून कमी मेगापिक्सेलचा, आणि नंबर वाचता येतो. चेहरा ओळखण्यासाठी मीटरला २५० ठिपके असावेत असा युरोपीय मानकाचा आकडा आहे. दुकानदार मेगापिक्सेल सांगू लागला की त्याला अंतर आणि लेन्स विचारा. अंतर नक्की नसेल तर २.८ ते १२ अशी बदलती लेन्स घ्या आणि जागेवर जुळवा.

रात्रीच्या पांढरेपणाचे कारण वेगळे. नंबरप्लेट प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते, त्यामुळे कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड उजेड त्याच्यावर उलटतो. शटर 'ऑटो'वरून काढून १/५०० किंवा १/१००० करा, इन्फ्रारेडची तीव्रता कमी करा आणि हेडलाइटची चकाकी दाबणारी 'एचएलसी' सोय चालू करा. बाकीचे चित्र काळे पडेल आणि फक्त प्लेट उठून दिसेल. ते तसेच हवे. म्हणून हा कॅमेरा नंबरापुरताच ठेवा, माणसे पाहायला जुना आहेच. उंची दीड मीटरच्या आसपास, आणि गाडीच्या वाटेशी कोन ३० अंशांच्या आत. खांबावर चार मीटर उंच लावलेल्या कॅमेऱ्याला गेटजवळ आलेल्या गाडीची प्लेट तिरकी दिसते.

चार कॅमेरे, १ टीबी हार्ड डिस्क. 'महिनाभराचे राहील' असे सांगितले होते. प्रत्यक्षात नऊ दिवसांच्या मागचे काही सापडत नाही. (कराड)

हिशेब सोपा आहे. रेकॉर्डरमध्ये कॅमेऱ्याचा बिटरेट (दर सेकंदाला साठणारी माहिती) जितके एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) असेल त्याला १०.८ ने गुणा, तेवढे जीबी रोज लागतात. तुमचे चारही कॅमेरे अडीच एमबीपीएसवर असतील तर रोज १०८ जीबी. १ टीबी नऊ दिवसांत भरते आणि जुने पुसले जाऊ लागते. तीस दिवसांना सव्वातीन टीबी, म्हणजे ४ टीबीची डिस्क.

डिस्क घेण्याआधी एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून साठवण्याची पद्धत, जुन्या एच.२६४ वर आहे का ते पाहा. रेकॉर्डर एच.२६५ चा असूनही सेटिंग जुन्यावरच राहिलेले पुष्कळदा आढळते. बदलल्यावर बिटरेटही हाताने खाली आणा, नाहीतर डिस्क तेवढीच भरते. 'फक्त हालचाल झाली तर रेकॉर्ड' ही सोय गोदामाच्या आत ठीक, रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. डिस्क मात्र सर्व्हेलन्ससाठी बनवलेलीच घ्या. संगणकातून काढलेली जुनी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

महाबळेश्वरला आमचे लॉज आहे. पावसाळ्यात दर वर्षी दोन-तीन कॅमेऱ्यांवर धुके येते, चित्रात आडवे पट्टे सरकतात. कॅमेरे आयपी६६ चे आहेत.

आयपी६६ हा धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा कॅमेऱ्याच्या डब्याला असतो, मागून लोंबणाऱ्या शेपटीच्या जोडांना नाही. पाणी शिरते ते तिथूनच. बीएनसी (चित्राच्या केबलची) आणि पॉवरची पिन भिंतीवर उघडी ठेवून वर चिकटपट्टी गुंडाळली असेल तर ती पट्टी पाणी अडवत नाही, धरून ठेवते. जोड प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये घ्या, केबल खालच्या बाजूने आत न्या आणि बॉक्सच्या आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. पिन हिरवी पडली असेल तर पुसून चालत नाही, कापून नवी लावा.

काचेच्या आतले धुके म्हणजे आत ओल गेली आहे. कोरड्या दिवशी उघडा, सिलिका जेलची नवी पुडी टाका, रबरी रिंग खाचेत नीट बसवा. बाहेरच्या बाजूला घुमट कॅमेरे मुळात टाळा. घुमटावरचे थेंब आणि धूळ इन्फ्रारेड उजेड आतच परतवतात, आणि रात्रीचे सगळे चित्र दुधाळ होते. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांनी गोदामातल्या कॅमेऱ्यांबद्दल हीच तक्रार लिहिली आहे. तिथे पावसाऐवजी हळदीची धूळ आहे, एवढाच फरक. बुलेट (नळीसारखा) किंवा टरेट (वर घुमट नसलेला गोलसर) घ्या. कोळ्याची जाळी कोणत्याही कॅमेऱ्यावरून झाडावीच लागतात.

सरकणारे पट्टे बहुतेक अर्थिंगमधल्या फरकामुळे येतात. कॅमेरा लोखंडी खांबाला थेट घट्ट केला असेल तर मध्ये प्लास्टिकची पट्टी द्या आणि सगळ्या कॅमेऱ्यांना वीज एकाच ठिकाणाहून द्या. तरीही राहिले तर हा फरक चित्रात येऊ न देणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

द्राक्षबागेत वीज रात्री केव्हाही येते-जाते. सोलरवरचा फोर-जी कॅमेरा चालेल का? (पलूस तालुका)

चालेल, पण दोन प्रकार आहेत आणि दुकानात दोन्हींना एकच नाव असते. पहिला झोपलेला असतो, हालचाल जाणवली की जागा होतो. त्याला वीज नगण्य लागते, पण जागा होण्यात सेकंद-दोन सेकंद जातात आणि चोर पाठमोरा सापडतो. दुसरा सतत जागा. तो सरासरी ३ वॅट घेतो असे धरले तर दिवसाला ७२ वॅट-अवर. ४० वॅटचे पॅनेल चार तासांच्या चांगल्या उन्हात, गळती धरून, ११० च्या आसपास देते. सलग ढगांचे तीन दिवस निघावेत म्हणून १२ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या. काढणीच्या हंगामात एवढे पुरते. जून-जुलैत बागेत कॅमेरा हवाच असेल तर पॅनेल दुप्पट करा.

चित्रण मेमरी कार्डवर ठेवा. १ एमबीपीएसने सतत सिमवरून पाठवले तर रोज १०.८ जीबी जाईल. तेवढ्याच दराने १२८ जीबीच्या कार्डवर जवळपास बारा दिवस मावतात. कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' (सतत लिहिणे सोसणारे) असावे. कॅमेराच चोरीला गेला तर कार्डही गेले, म्हणून माणूस दिसताच मोबाइलवर फोटो येण्याची सोय चालू ठेवा. फक्त 'हालचाल' निवडली तर वाऱ्यावरच्या पानांनी रात्रभर फोन वाजेल. सिम घेण्याआधी ज्या खांबावर कॅमेरा लावणार त्या खांबाशी उभे राहून त्याच कंपनीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून पाहा.

आणि फवारणी. बोर्डोचा निळसर थर लेन्सवर आणि पॅनेलवर बसतो. फवारणीच्या वेळी कॅमेऱ्यावर पिशवी घाला, नंतर पॅनेल साध्या पाण्याने धुवा.

नवे घर आणि खाली दुकान बांधतो आहोत. डीव्हीआर की एनव्हीआर? (सांगली)

डीव्हीआर हा ॲनालॉग कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, एनव्हीआर नेटवर्क केबलवरच्या कॅमेऱ्यांचा. भिंती अजून उघड्या असतील तर एनव्हीआर. प्रत्येक कॅमेऱ्याला पूर्ण तांब्याची कॅट-६ नेटवर्क केबल ओढा. वीज आणि चित्र एकाच केबलने जाते, मर्यादा १०० मीटर. जुने घर असते आणि ॲनालॉग कॅमेऱ्यांची जुनी कोॲक्सियल केबल चांगली असती तर आम्ही डीव्हीआरच सुचवला असता. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर मध्ये फायबर टाका. वळवाच्या विजा तांब्याच्या लांब तारेतून दोन्हीकडची यंत्रे जाळतात.

रेकॉर्डर दुकानात ठेवू नका. २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी पाहिलेल्या गावात तो वरच्या मजल्यावरच हवा. कॅमेऱ्याच्या खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-' ने सुरू होणारा नंबर असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तपासा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये अधिसूचना काढून कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणीही बंधनकारक केली आहे. बिननावाचे स्वस्त कॅमेरे घेताना हे बिलावर लिहून मागा.

बसवून देणारा गाव सोडून गेला, पासवर्ड त्याच्याकडेच. (कोरेगाव)

रेकॉर्डरला स्क्रीन जोडा आणि 'पासवर्ड विसरलो' निवडा. नव्या यंत्रांत क्यूआर कोड येतो आणि नोंदवलेल्या ईमेलवर कोड मिळतो. ईमेलही त्याचाच असेल तर यंत्राचा अनुक्रमांक आणि बिल घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जा. आत गेल्यावर बाकीची वापरकर्ता खाती आणि मोबाइल ॲपमधली जोडणी काढून टाका. नाहीतर पासवर्ड बदलूनही तुमचे घर त्याच्या फोनवर दिसत राहील.

चोरीचे चित्रण पोलिसांना कसे द्यावे? मोबाइलने स्क्रीनचे शूटिंग केले तर चालते का? (मिरज)

पोलिसांना तपासाची दिशा मिळायला चालते, कोर्टात उभे राहायला नाही. पेन ड्राइव्हवर मूळ फाइल काढा, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून. प्लेअरसकट काढण्याचा पर्याय असेल तर तो घ्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून निघणारा, ती जराही बदलली की बदलणारा संकेतांक) लिहावे लागते. हॅश काढल्यावर फाइल कापू नका, व्हॉट्सॲपवरून तर पाठवूच नका, कारण तिथे ती दाबली जाते आणि हॅश बदलतो.

रेकॉर्डरचे घड्याळ पुढे-मागे असेल तर ते तेव्हा दुरुस्त करू नका. मोबाइलच्या वेळेशी किती फरक आहे ते आधी लिहून ठेवा आणि पोलिसांना सांगा. वीज गेल्यावर तारीख दर वेळी २००० किंवा २०१० वर जात असेल तर आतला बटण सेल संपला आहे. बहुतेक यंत्रांत तो सीआर२०३२ असतो.

डीव्हीआर सारखा बीप-बीप करतो आणि दर पाच मिनिटांनी आपोआप सुरू होतो. (वाई)

बंद करून हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढा आणि चालू करा. आता स्थिर राहिला तर डिस्क खराब आहे किंवा ॲडॅप्टर दमला आहे. डिस्क फिरू लागताना जास्त करंट ओढते आणि जुना १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर तेव्हाच मान टाकतो. आधी ॲडॅप्टर बदलून पाहा, तो स्वस्त आहे. डिस्क काढूनही यंत्र तसेच बंद-चालू होत राहिले आणि ॲडॅप्टरही नवा असेल, तर मात्र बोर्ड दुरुस्तीला द्यावा लागेल.